विश्लेषण : वीकेंडला बेळगावला जेवायला जायचे, पण ‘एमएच’ची गाडी न्यायची का?

शनिवारी पहाटे निघायचे, दुपारी बेळगावात भाकरी आणि भरल्या वांग्याचे जेवण, संध्याकाळी खडेबाजार आणि गणपत गल्लीत फेरफटका, रविवारी कुंद्याचे डबे डिकीत टाकून परत. पुणे, कोल्हापूर, सांगली, सावंतवाडीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा बेत वर्षातून एकदा तरी शिजतो. हॉटेल कोणते, गाडी कोणाची हे ठरत असतानाच कोणीतरी विचारते, ‘‘एमएच पासिंगची गाडी आहे, काही होणार नाही ना?’’ मग एक जण २०२२ चा जुना व्हिडीओ टाकतो, दुसरा ‘माझा मावसभाऊ तिथेच राहतो, काही नसते’ म्हणतो आणि बेत पुढच्या महिन्यावर जातो.

या बेतात एक अडचण मुळातच आहे. पावसाळा संपून घाट मोकळे होतात, ऊन सोसण्याजोगे असते, तो काळ म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी. सीमाप्रश्न दरवर्षी तापतो तोही याच महिन्यांत. त्यामुळे बेळगावच्या सहलीत हॉटेलच्या बुकिंगआधी कॅलेंडर पाहावे लागते.

भीती कुठून आली?

ती हवेतून आलेली नाही. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर कर्नाटक रक्षण वेदिकेच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या ट्रकवर दगडफेक केली. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटक परिवहनच्या बसना काळे फासले गेले. महाराष्ट्राचे तेव्हाचे मंत्री चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई यांचा बेळगाव दौरा लांबणीवर पडला. पुढे १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत एकत्र बसवले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कोणीही एकमेकांच्या भूभागावर दावा सांगायचा नाही आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती नेमायची, असे ठरले.

त्यानंतरचा मोठा प्रसंग फेब्रुवारी २०२५ चा. बेळगाव तालुक्यात कर्नाटक परिवहनच्या बसमध्ये मराठी-कन्नड बोलण्यावरून वाद झाला आणि वाहकाला मारहाण झाली. त्याचे पडसाद चित्रदुर्गजवळ उमटले. तिथे महाराष्ट्राच्या एसटीला आणि चालकाला काळे फासण्यात आले. महाराष्ट्राने कर्नाटकात जाणाऱ्या एसटी थांबवल्या, तिकडूनही फेऱ्या आटल्या. आगाऊ तिकीट काढून बसलेले प्रवासी मधल्या मध्ये अडकले. मार्चच्या २२ तारखेला याच मुद्द्यावर कर्नाटक बंदही झाला.

दोन्ही प्रसंग नीट पाहिले तर राग कुणावर निघतो ते दिसते. आधी सरकारी बस, मग मालट्रक. बसवर राज्याचे नाव मोठ्या अक्षरात असते, तिचा मार्ग आणि वेळ ठरलेली असते, ती स्टँडवर उभी सापडते आणि तिला काळे फासले की थेट सरकारला निरोप जातो. चार मित्रांच्या हॅचबॅकमधून असा निरोप जात नाही. म्हणून खासगी गाडीला धोका शून्य आहे असे मात्र नाही. रास्ता रोकोत सापडलेल्या गाडीच्या काचेला नंबरप्लेट वाचता येते. पण ‘एमएच गाडी दिसली की फोडतात’ हे चित्रही खरे नाही. तसे असते तर चंदगड तालुक्यातल्या लोकांनी बेळगावला जाणेच सोडले असते. तो तालुका कोल्हापूर जिल्ह्यात आहे, पण मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, ट्रॅक्टरचा सुटा भाग यासाठी तिथल्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ पडते. रोजच्या या ये-जा करण्याऱ्यांच्या गाड्यांवरही ‘एमएच ०९’ असेच लिहिलेले असते.

कोणत्या तारखा टाळाव्यात?

पहिली तारीख १ नोव्हेंबर. १९५६ मध्ये याच दिवशी भाषावार प्रांतरचना अमलात आली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. कर्नाटक हा दिवस राज्योत्सव म्हणून साजरा करते. बेळगावात त्याची मिरवणूक प्रचंड असते, गर्दी बाहेरच्या तालुक्यांतूनही येते. महाराष्ट्र एकीकरण समिती तोच दिवस काळा दिन म्हणून पाळते आणि निषेध फेरी काढते. एकाच शहरात, एकाच दिवशी, दोन विरुद्ध भावनांचे हे दोन जमाव असतात. पोलीस बंदोबस्त कडक असल्यामुळे मोठे काही होत नाही, पण मध्यवर्ती रस्ते बंद असतात. त्या दिवशी कॅम्पातून गणपत गल्लीत गाडी नेणे हाच मोठा प्रवास ठरतो.

दुसरा काळ कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा. बेळगावात २००६ मध्ये पहिल्यांदा अधिवेशन झाले. शहरावर हक्क ठसवण्याचा तो उघड राजकीय संकेत होता. २०१२ मध्ये महामार्गालगत हलगा-बस्तवाडजवळ सुवर्ण विधानसौध उभे राहिले. अधिवेशन बहुधा डिसेंबरात असते, तारखा आधी जाहीर होतात. समिती त्याला उत्तर म्हणून महामेळावा बोलावते, प्रशासन परवानगी नाकारते, महाराष्ट्रातून निघालेल्या नेत्यांना कोगनोळी नाक्यावर किंवा शिनोळी-बाची बाजूला अडवले जाते. हा क्रम आता जवळपास ठरून गेला आहे. खवय्यांच्या दृष्टीने त्यातली अडचण अगदी साधी आहे. मंत्री, आमदार, अधिकारी, पोलीस यांच्यासाठी शहरातल्या खोल्या आधीच भरतात. उरलेल्या मिळाल्या तरी दर चढे असतात.

याशिवाय १७ जानेवारी आणि १ जून हे समितीचे हुतात्मा दिन आहेत. पहिला १९५६ च्या आंदोलनातल्या, दुसरा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचा. या दिवशी अभिवादनाचे कार्यक्रम असतात. प्रवास टाळावा असे त्यात काही नाही. आणि सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा २००४ चा दावा जेव्हा सुनावणीला येतो, त्या आठवड्यात दोन्हीकडचे नेते बोलतात. तेव्हा बातम्या पाहून निघणे बरे.

एवढे वगळले तरी वर्षातले बहुतेक शनिवार-रविवार मोकळे राहतात.

कायदा काय म्हणतो?

खासगी गाडीला दुसऱ्या राज्यात जाण्यासाठी परवाना लागत नाही, करही भरावा लागत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तरच नवीन नोंदणीचा प्रश्न येतो. पीयूसी आणि विमा देशभर चालतो. पिवळ्या पाटीची टॅक्सी भाड्याने घेतली असेल तर मात्र पर्यटक परवाना आहे का, हे निघण्याआधीच चालकाला विचारावे.

विम्याची एक गोष्ट ग्रुपवर कोणी सांगत नाही. दंगल, संप किंवा कोणी मुद्दाम केलेल्या नुकसानीची भरपाई सर्वसमावेशक मोटार पॉलिसीत मिळते. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मिळत नाही. जुन्या गाडीचा हप्ता वाचवण्यासाठी अनेक जण थर्ड पार्टीवर आलेले असतात. काच फुटण्याचीच भीती असेल, तर ग्रुपवर व्हिडीओ फिरवण्यापेक्षा पॉलिसीचे पहिले पान उघडणे जास्त उपयोगाचे.

रस्ता, टोल आणि पेट्रोल : हिशेब जमतो का?

कुठून निघता त्यावर हा बेत वीकेंडचा आहे की नाही हे ठरते. कोल्हापूरहून बेळगाव सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे रमतगमत दोन-अडीच तास. सावंतवाडीहून आंबोली-शिनोळी मार्गे साधारण शंभर. पणजीहून चोर्ला घाटाने सव्वाशेच्या आसपास, पण घाटामुळे तीन तास धरावेत. या सगळ्यांना बेळगाव खरेच वीकेंडचे आहे. पुण्याहून अंतर ३४० किलोमीटरच्या आसपास भरते. कात्रज, खंबाटकी आणि पुढे साताऱ्याजवळच्या शेंद्रेपासून कागलपर्यंत सहापदरीकरणाचे काम सुरू असलेल्या पट्ट्यातली वळणे धरली तर सहा ते सात तास. मुंबईकरांनी शुक्रवारी किंवा सोमवारी सुट्टी काढल्याशिवाय या फंदात पडू नये. पाचशे किलोमीटर जाऊन दोन वेळा जेवायचे आणि पाचशे किलोमीटर परत, यात भूक कमी आणि हट्ट जास्त आहे.

पुणे-बेळगाव टप्प्यात खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, कोगनोळी आणि हत्तरगी असे सहा नाके लागतात. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळू लागला, तेव्हा त्याची किंमत ३००० रुपये होती आणि त्यात २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. एक नाका ओलांडला की एक फेरी. म्हणजे एका नाक्याला १५ रुपये पडतात आणि जाऊन-येऊन बारा नाक्यांचे १८०. वारंवार महामार्गावर जाणाऱ्याला पास परवडतो; वर्षात हीच एक सहल असेल तर नाही. हा पास राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही.

पेट्रोलचा अंदाज असा. पुण्याहून जाणे-येणे ६८० आणि शहरात व आसपास ६० असे ७४० किलोमीटर, गाडीचे ॲव्हरेज १५ आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले तर साधारण ५२०० रुपये. चौघांत माणशी १३००. कोल्हापूरहून हाच खर्च दोन हजारांच्या आत बसतो. ‘टाकी कर्नाटकात भरायची’ हा सीमाभागातला जुना सल्ला आता डोळे झाकून पाळण्यासारखा राहिलेला नाही. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये विक्रीकर वाढवल्याने पेट्रोल तीन आणि डिझेल साडेतीन रुपयांनी महागले आणि एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरचा कर आणखी वाढला. निघताना कागल आणि निपाणीचे दर ॲपवर पाहून घ्यावेत. रिकाम्या टाकीवर घाट चढण्याइतका फरक आहे का, ते तिथेच कळेल.

ज्यांना गाडीच चालवायची नाही त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारत बेळगाववरून जाते, पण ती रोज नसते.

इतके करून खायचे काय?

मराठीत मनातले मांडे खातात. बेळगावात ते ताटात मिळतात. मैद्याच्या मऊसूत कणकेत पिठीसाखर, तूप, खसखस, वेलची यांचे सारण भरतात, तो गोळा हातांवर झेलत झेलत रुमालासारखा पातळ करतात आणि उलट्या खापरावर टाकतात. काही क्षणांत तो भाजून निघतो, गरम असतानाच त्याची घडी घालायची. थंड झाला की कुरकुरीत होतो. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा प्रत्येक मराठी घरात माहीत असते, पण मांडा खाल्लेला माणूस त्या घरात असेलच असे नाही. बेळगावात लग्नाच्या रुखवतात आणि पंगतीत त्याचा मान अजून आहे. मिठाईच्या दुकानांत तो डब्यात मिळतो. तो घरी न्यायचा असेल तर डिकीत नाही, मागच्या सीटवर ठेवावा. खंबाटकीतल्या एका खड्ड्यात त्याचा चुरा होतो. (चुरा दुधात घालून खातात, त्यामुळे तोही वाया जात नाही.)

कुंद्याचे नाव जास्त झाले आहे. दूध आटवून खवा, त्यात साखर, आणि मग रंग तपकिरी होईपर्यंत परतत राहायचे. विस्तवावर विसरलेल्या दुधातून तो जन्माला आला अशी गोष्ट शहरात सांगतात. पेढ्यासारखा वळलेला नसतो, रवाळ आणि ओलसर असतो. हाच ओलसरपणा प्रवासात घात करतो. दुपारच्या उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत खव्याची वस्तू ठेवू नये. कुंदा रविवारी निघताना घ्यावा, शनिवारी पोहोचल्या पोहोचल्या नाही. टिकाऊ हवे असेल तर करदंट. डिंक, गूळ, खोबरे, सुकामेवा यांची ही चिवट वडी मूळची गोकाकची आणि कुंद्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस राहते.

पण गोडापेक्षा या सहलीचे खरे कारण खानावळ असावे. ‘ऊट’ मागितले की ज्वारीची भाकरी येते. तिथे तिला जोळद रोट्टी म्हणतात. सोबत एण्णेगाई म्हणजे दाण्याच्या-तिळाच्या मसाल्यात भरलेली वांगी, मोडाच्या कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही, कच्चा कांदा, काकडी, मेथीची पाने. कोल्हापूर-सोलापूरच्या माणसाला यातले काहीच अनोळखी नसते आणि तरी चव तीच नसते. कागदासारखी वाळवलेली कडक भाकरी आणि दाण्याची चटणी घरी नेण्याजोगी. वाढपी थांबत नसेल तर ‘साकु’ म्हणावे, म्हणजे ‘पुरे’. एवढा एक कन्नड शब्द पोटाच्या संरक्षणासाठी पाठ असावा.

कॅम्प भागात चव बदलते. छावणीच्या या जुन्या भागात बेकऱ्या आणि बिर्याणीची दुकाने आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र याच शहरात आहे, त्यामुळे सुट्टीवर जाणारा जवान कुंद्याचा डबा घेऊन निघतो हे इथले नेहमीचे दृश्य.

परतीच्या वाटेवर संकेश्वरला मिरचीसाठी थांबता येते. कोल्हापुरी मसाला म्हणून जे काही अभिमानाने सांगितले जाते, त्याच्या तिखटात संकेश्वरी आणि रंगात ब्याडगी असते. संकेश्वर कर्नाटकात, ब्याडगी हावेरी जिल्ह्यात. दोन्ही गावे सीमेपलीकडची. या मसाल्याच्या बाबतीत दावा कुणी कुठे दाखल करायचा हा प्रश्नच आहे.

पुढे धारवाड किंवा गोकाकला जावे का?

एका रात्रीच्या मुक्कामात दोन्ही होणार नाही. गोकाक पासष्ट-सत्तर किलोमीटर. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच गेल्यास घटप्रभेचा धबधबा आणि करदंट असे दोन्ही पदरात पडते. धारवाड महामार्गाने पाऊण-ऐंशी किलोमीटर. तिथल्या पेढ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र २०२२ मध्ये जिथे दगडफेक झाली तो हिरेबागेवाडी नाका बेळगावच्या पुढे, धारवाडच्या रस्त्यावर आहे. तणावाची बातमी असेल त्या दिवशी बेळगाव गाठणे आणि धारवाड गाठणे या एकसारख्या गोष्टी नाहीत. पेढा बेळगावातही मिळतो.

गोव्याहून चोर्लामार्गे येणाऱ्यांसाठी एक सूचना. डिकीत दारूच्या बाटल्या असतील तर कर्नाटकाचे आणि पुढे महाराष्ट्राचे अबकारी नियम लागू होतात. सीमेवरच्या तपासणीत भाषेचा वाद निघत नाही, बाटल्या निघतात.

पाट्या कन्नड, मग बोलायचे कसे?

शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी. फलकांवर आणि नकाशाच्या ॲपवर तेच दिसेल. २०२४ मध्ये कर्नाटकाने दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला देणे सक्तीचे केले. त्यानंतर बाजारातल्या अनेक पाट्या बदलल्या आणि मराठी अक्षरे लहान झाली किंवा गेली. मराठी भाषकांच्या नाराजीचे ते आजचे ठळक कारण आहे. बाहेरून येणाऱ्याला त्याचा त्रास इतकाच, की वाचून दुकान सापडत नाही. विचारून सापडते. बाजारातला विक्रेता मराठी, कन्नड, हिंदी आणि बरेचदा कोकणीतही हिशेब करतो. गिऱ्हाईक ज्या भाषेत भाव विचारेल त्या भाषेत तो उत्तर देतो. पुलंच्या ‘रावसाहेबां’मुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेली कानडी हेलाची मराठी अजूनही गणपत गल्लीत ऐकू येते.

मुद्दाम लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. ‘‘बेळगाव आमचेच, इथे मराठीतच बोला’’ असे पाहुण्याने सरकारी बसच्या वाहकाला किंवा पेट्रोल पंपावरच्या पोराला सुनावले, तर पाहुणा रविवारी घरी जातो आणि त्याची किंमत तिथला मराठी माणूस सोमवारी मोजतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका बसमधल्या भांडणाने दोन राज्यांची वाहतूक थांबली. तेव्हा सर्वांत आधी बंद पडला तो सीमेवरच्या गावांचाच रोजचा बाजार, दवाखाना आणि कॉलेज. गाडीच्या मागच्या काचेवर राजकीय घोषणेचे स्टिकर असेल तर ते सहलीपुरते काढून ठेवण्यातही शहाणपण आहे. नंबरप्लेटपेक्षा ते लवकर वाचले जाते.

आयत्या वेळी रस्ता बंद झाला तर?

शुक्रवारी रात्री बेळगाव पोलिसांच्या आणि कोल्हापूर पोलिसांच्या समाजमाध्यमांवरील सूचना पाहाव्यात, एसटीच्या फेऱ्या सुरू आहेत का ते बघावे. एसटी थांबली असेल तर तो सर्वांत भरवशाचा इशारा. महामंडळ उगाच फेऱ्या रद्द करत नाही. हॉटेलचे बुकिंग रद्द करता येणारे घ्यावे. कोगनोळीला रांग लागली तर गावातल्या आडरस्त्यांनी पलीकडे जाण्याचा खटाटोप करू नये. आंदोलन पसरते ते याच फाट्यांवर, आणि मदतीला पोलीस असतात ते महामार्गावर. अशा वेळी कागलवरून गाडी वळवली की अर्ध्या-पाऊण तासात कोल्हापूर. जेवण तिथेही चुकत नाही. मांडे मात्र त्या शनिवारी मनातच खावे लागतात.